दोन टेबले, एकच कापड



संबंध जुळले की आपण म्हणतो, ‘एकदा आमच्याकडे जेवायला या.’ संबंध तुटले की म्हणतो, ‘त्यांच्या घरचे पाणीसुद्धा पिणार नाही.’ बोलतो अन्नाविषयी, पण मनात असतात माणसे. म्हणून कोणाबरोबर जेवावे आणि कोणाबरोबर जेवू नये, हा एक नैतिक प्रश्न आहे. आज आपण या प्रश्नाचा विचार अमेरिकेतील एका ख्रिस्ती समाजाच्या स्वयंपाकघरात जाऊन करणार आहोत. तो समाज म्हणजे आमिश लोक.

घोड्याच्या काळ्या बग्गीतून जाणारे, साधे एकरंगी कपडे घालणारे हे लोक आपल्यापैकी काहींनी चित्रांत किंवा सिनेमात पाहिले असतील. पेनसिल्व्हेनिया, ओहायो आणि इंडियाना या राज्यांत त्यांची मोठी वस्ती आहे. 2024 साली त्यांची संख्या सुमारे 4 लाख होती. घरात ते जर्मन भाषेची एक जुनी बोली बोलतात. त्यांच्या हातच्या स्वयंपाकाचे कौतुक सर्वत्र होते आणि ते योग्यच आहे. परंतु त्या स्वयंपाकामागे जी मूल्ये आहेत ती समजून घेतली, तर कौतुकाबरोबर एक अवघड प्रश्नही आपल्या पुढ्यात येतो.

छळातून जन्मलेला समाज

इ.स. 1525 मध्ये स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरात काही ख्रिस्ती लोकांनी असे मत मांडले की, बाप्तिस्मा हा तान्ह्या बाळाला न देता, समजून-उमजून वचन देणाऱ्या प्रौढ माणसालाच द्यावा. त्यांना ‘अनाबाप्टिस्ट’, म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा देणारे, असे नाव पडले. या मतासाठी त्यांचा अतोनात छळ झाला. 1527 साली झुरिकच्या प्रॉटेस्टंट नगरसभेने फेलिक्स मान्झ याला लिमाट नदीत बुडवून मारले. त्याच वर्षी कॅथलिक राजवटीत मिखाएल झाटलर याला जिवंत जाळण्यात आले. झाटलर हा पूर्वी बेनेडिक्टाइन संघाचा मठवासी होता. छळ करणाऱ्यांत आपल्या ख्रिस्तसभेची माणसेही होती, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. आमिश हे याच छळल्या गेलेल्या लोकांचे वंशज. अठराव्या शतकात ते धर्मस्वातंत्र्याच्या शोधात पेनसिल्व्हेनियात येऊन स्थायिक झाले.

स्वयंपाकघरातील विवेक

आमिश घरात सार्वजनिक तारेची वीज नसते. लँकेस्टर परगण्यातील आमिशांनी सुमारे 1920 च्या सुमारास तारेची वीज न घेण्याचे ठरवले. वीज हे पाप आहे असे त्यांचे म्हणणे नाही. अनेकांच्या घरी गॅसची शेगडी असते, गॅसवर चालणारा फ्रिजही असतो. काही ठिकाणी दाबलेल्या हवेवर मिक्सर फिरतो. फार कर्मठ गटांत मात्र अजून लाकडाची चूल आणि बर्फाची पेटी आहे. प्रत्येक नवीन वस्तूविषयी ते एकच प्रश्न विचारतात: ही वस्तू घरात आली तर आपले घर आणि आपली मंडळी एकमेकांच्या अधिक जवळ येतील की दूर जातील? आपण वस्तू विकत घेताना किंमत विचारतो आणि गॅरंटी विचारतो. हा प्रश्न मात्र सहसा विचारत नाही.

त्यांच्या स्वयंपाकात मसाल्यांचा थाट नाही. हे शेतकऱ्यांचे पोटभरीचे जेवण आहे. त्यात वाया काही जाऊ द्यायचे नाही, हा पहिला नियम. हिवाळ्यात डुक्कर कापले की चांगले मांस बाजूला काढून उरलेले तुकडे शिजवतात, त्यात मक्याचे आणि कुट्टूचे पीठ घालून घट्ट वडी थापतात आणि तिचे काप तव्यावर परतून न्याहारीला खातात. याला ‘स्क्रॅपल’ म्हणतात. हंगामाच्या शेवटी बागेत उरलेल्या थोड्या थोड्या भाज्या, शेंगा, फ्लॉवर, गाजर, एकत्र करून साखर-व्हिनेगरमध्ये मुरवतात. ते त्यांचे आंबटगोड लोणचे, ‘चाऊ-चाऊ’. सफरचंदाच्या फोडी वाळवून ठेवतात आणि थंडीत त्या हॅमच्या तुकड्यांबरोबर, पिठाचे गोळे सोडून शिजवतात. ताजी फळे नसतात त्या दिवसांत काकवीसारख्या मोलॅसिसचा ‘शू-फ्लाय पाय’ भाजतात. उन्हाळ्यात पीच, टोमॅटो, शेंगा, एवढेच नव्हे तर मांससुद्धा काचेच्या बरण्यांत भरून तळघरात ठेवतात. एकेका घरी अशा शेकडो बरण्या असतात. आपल्याकडे पावसाळ्याच्या आधी आया-आजी लोणची, पापड आणि सुके मासे भरून ठेवतात, त्यांना या बरण्यांचे मोल समजावून सांगायला नको.

दुसरा नियम असा की मोठे काम एकट्याने करायचे नाही. सफरचंदाचा ‘बटर’ करताना तांब्याच्या मोठ्या हंड्यात सफरचंदे आणि त्यांचा रस तासन् तास आटवावा लागतो आणि लांब दांड्याच्या लाकडी घाट्याने सतत ढवळावा लागतो. एका माणसाचा हात दुखू लागला की दुसऱ्याने घ्यायचा. गप्पा होतात, मुले भोवती खेळतात. लँकेस्टरमध्ये लग्ने पूर्वापार कापणीनंतर, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होत आली आहेत. एका लग्नाला दोनशे ते चारशे माणसे येतात. कोंबडीचे मांस आणि पावाचे तुकडे एकत्र भाजून केलेला ‘रोस्ट’ आणि सायीत शिजवलेली सेलरी हा मुख्य बेत. एखाद्या घरच्या बागेत सेलरीचे वाफे जरा जास्तच दिसले की शेजारी ओळखतात, या वर्षी इथे लग्न आहे! केटरर कोणी नसतो. नातलग आणि शेजारी जोडप्याजोडप्याने स्वयंपाकाची जबाबदारी वाटून घेतात.

हे चित्र गोड आहे, पण ते आहे त्याहून गोड करू नये. आमिश स्त्रियाही आज दुकानातून तयार पिठे आणि डबाबंद सूप आणतात. बरेच पुरुष आता शेती सोडून सुतारकाम आणि इतर धंदे करतात. आणि या साऱ्या स्वयंपाकाचा बहुतेक भार स्त्रियांच्या खांद्यावर असतो. एकत्र केलेले काम हलके वाटते हे खरे, तरी ते कामच असते.

रविवारचे जेवण

आमिशांची चर्चची इमारत नसते. एक रविवार सोडून एक रविवार कोणाच्या तरी घरी, किंवा धान्याच्या कोठारात, प्रार्थना होते. ती सुमारे तीन तास चालते. बाके एका गाडीतून या घरून त्या घरी नेली जातात. प्रार्थना संपली की तीच बाके जोडून जेवणाची टेबले तयार होतात. ज्या फळीवर बसून देवाचे वचन ऐकले, तिच्यावरच थोड्या वेळाने पाव ठेवला जातो!

जेवण साधे असते: पाव, शेंगदाण्याच्या लोण्याचे गोड मिश्रण, चीज, लोणचे, बीट, वाळवलेल्या सफरचंदाचा पाय आणि कॉफी. एका भागात हा बेत घरोघरी जवळजवळ सारखाच असतो. त्यामुळे कोणा सुगरणीला दुसरीवर कडी करता येत नाही आणि गरीब घराला लाज वाटत नाही. आपल्या लग्नांतील आणि पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या पार्ट्यांतील चढाओढ आठवली, तर या साध्या बेतामागचे शहाणपण लक्षात येईल. जेवणाआधी आणि जेवणानंतर सर्वजण मान खाली घालून मूकपणे प्रार्थना करतात. या साऱ्या वृत्तीला त्यांचा एक जर्मन शब्द आहे, ‘गेलासेनहाइट’. स्वतःचा हट्ट सोडून देवाच्या आणि मंडळीच्या स्वाधीन होणे, असा त्याचा अर्थ.

टेबलावरून पडलेली फूट

आता अवघड भागाकडे वळू या. आमिश हा वेगळा गट मुळात जन्माला आला तो 1693 साली, आणि त्या वादाच्या केंद्रस्थानी जेवणाचे टेबल होते. ज्याने बाप्तिस्म्याचे वचन मोडले आणि ज्याला मंडळीतून बाहेर काढले, त्याच्याबरोबर प्रभुभोजन घ्यायचे नाही, इतके सर्व अनाबाप्टिस्टांना मान्य होते. पण घरातले रोजचे जेवण? याकोब अम्मान म्हणाला, तेही घ्यायचे नाही. त्याने संत पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय पुढे केला. तिथे पौल दुराचारी बंधूबरोबर जेवूही नका असे बजावतो. हान्स राइस्ट या दुसऱ्या वडीलधाऱ्याने प्रभू येशूच्या शिकवणीचा आधार घेतला: जे तोंडात जाते ते माणसाला विटाळत नाही. तडजोड झाली नाही. अम्मानच्या मागे गेलेले ते आमिश. पुढे 1700 साली अम्मान आणि त्याच्या साथीदारांनी आपण घाई केली हे कबूल केले आणि नम्रतेने स्वतःलाच मंडळीबाहेर घोषित केले. पण टेबलाचा प्रश्न काही सुटला नाही. समेट झाला नाही.

या प्रथेला ते ‘माइडुंग’ म्हणतात. आपल्या भाषेत ‘वाळीत टाकणे’ हा शब्द जवळचा असला, तरी फरक समजून घेतला पाहिजे. ज्याने प्रौढपणी बाप्तिस्मा घेऊन गुडघे टेकून वचन दिले आणि नंतर ते मोडले, त्यालाच ही शिक्षा लागू होते. जी मुले बाप्तिस्मा न घेताच समाज सोडून जातात, त्यांना ती लागू होत नाही. (दहापैकी आठांहून अधिक मुले मात्र राहतात.) वाळीत टाकलेल्या माणसाशी बोलता येते. तो अडचणीत असेल तर त्याला मदत करायचीच असते. पण त्याच्या हातून काही घ्यायचे नसते आणि त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवायचे नसते. त्याने परत येऊन गुडघे टेकून कबुली दिली, की वीस वर्षांनंतरही त्याला हात देऊन उठवतात आणि पुन्हा आपला म्हणतात. सगळीकडे नियम सारखा कडक नाही. काही ठिकाणी तो माणूस दुसऱ्या एखाद्या अनाबाप्टिस्ट मंडळीत नीट राहू लागला तर बंदी उठवली जाते. लँकेस्टरमध्ये मात्र ती आयुष्यभर राहू शकते.

मग असा मुलगा सणाला घरी आला तर आई काय करते? काही घरांत त्याला वेगळ्या टेबलावर वाढतात. आणि काही घरांत दोन टेबले शेजारी शेजारी, मध्ये चार बोटांची फट ठेवून मांडतात आणि दोन्हींवर मिळून एकच कापड पसरतात. नियमाप्रमाणे टेबले दोन आहेत. पाहणाऱ्याला एकच दिसते.

हे लोक दगडाच्या काळजाचे आहेत, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. 2 ऑक्टोबर 2006 रोजी पेनसिल्व्हेनियात निकेल माइन्स येथील आमिश शाळेत एका बाहेरच्या माणसाने दहा मुलींवर गोळ्या झाडल्या आणि स्वतःचा जीव घेतला. पाच मुली मरण पावल्या. त्याच संध्याकाळी आमिश माणसे त्या खुन्याच्या कुटुंबाला भेटायला गेली, क्षमेचे शब्द बोलली. त्याच्या दफनविधीलाही अनेक आमिश उपस्थित होते. मुलींच्या मारेकऱ्याच्या घरच्यांना जवळ करणारे हेच हात पोटच्या मुलासाठी वेगळे टेबल मांडतात. कारण त्यांच्या मते क्षमा करणे वेगळे आणि एकत्र बसणे वेगळे. क्षमा एकट्याने करता येते. एकत्र बसण्यासाठी दोघांनी एकच वचन पाळावे लागते.

औषध की कुंपण?

त्यांचे म्हणणे सहज फेटाळण्यासारखे नाही. ज्या वचनाला काहीच किंमत नाही, ते वचन कसले? जे टेबल कोणाला कधी अंतरत नाही, त्यावर बसण्याचा अर्थ तरी काय? आपण म्हणू, ‘आमच्याकडे असे काही नाही, आमच्या घरी सगळ्यांना मोकळीक आहे.’ पण जरा आपल्या रात्रीच्या जेवणाकडे पाहू. एक जण टीव्हीसमोर, एक मोबाईल घेऊन खोलीत, एकाचे ताट झाकून ठेवलेले. आपल्या टेबलावरून कोणालाही उठवले जात नाही, कारण मुळात एकत्र कोणी बसतच नाही. याला औदार्य म्हणता येणार नाही. आमिश आईला तो रिकामा पाट निदान सलतो तरी.

शिवाय ही प्रथा आपल्याला परकी नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठासाठी जी नियमावली लिहिली, तिच्यातही चूक करूनही न सुधारणाऱ्या बंधूला सामूहिक जेवणातून वगळण्याची शिक्षा आहे. बाकीच्यांचे झाल्यावर त्याने एकट्याने जेवावे. 1917 च्या आपल्या धर्मनियमसंहितेत बहिष्कृतांचा एक वर्ग असा होता की, ज्यांच्याशी श्रद्धावंतांनी रोजचे व्यवहारही टाळावेत. पण त्याच संहितेने पती-पत्नी, आई-वडील आणि मुले यांना त्यातून सूट दिली होती. 1983 च्या नव्या संहितेत तो वर्गच उरला नाही. बहिष्कार राहिला तो संस्कारांपुरता आणि ख्रिस्तसभेतील पदांपुरता.

मला वाटते, या बदलात एक खोल विवेक आहे. वेदी आणि घरातले टेबल यांचा अर्थ एक नाही. वेदीभोवती आपण एका श्रद्धेची साक्ष देतो. ती श्रद्धा ज्याला मान्य नाही, त्याला तिथे अडवण्यात त्याचाही मान राखला जातो. घरातल्या टेबलावर मात्र आई मुलाला वाढते ते तो तिचा आहे म्हणून. त्याची लायकी तिने तपासलेली नसते. हे नाते कोणत्याही वचनाच्या आधीचे आहे. मुलाने वचन मोडले म्हणून ते मोडत नाही, कारण ते वचनावर उभे राहिलेलेच नव्हते.

ख्रिस्तसभा बहिष्काराला औषधासारखी शिक्षा म्हणते. आमिशही तसेच म्हणतील. मग औषधाला लावतो त्या कसोट्या तिला लावू या. पहिली कसोटी: वैद्य रोग्याकडे लक्ष ठेवून आहे का? संत बेनेडिक्ट सांगतो की मठाधिपतीने शहाण्या, वयस्कर बंधूंना त्या एकट्या पडलेल्या बंधूकडे गुपचूप पाठवावे, म्हणजे तो दुःखाने खचून जाणार नाही. जिथे शिक्षा दिली जाते आणि धीर द्यायला कोणी जात नाही, तिथे औषध संपून कुंपण सुरू झालेले असते. ते त्याच्यासाठी नसते, आपल्या सोयीसाठी असते.

दुसरी कसोटी अधिक कठीण आहे. समजा, तो मुलगा प्रामाणिकपणे विचार करून वेगळ्या निर्णयाला आला आहे. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की माणसाची सदसद्विवेकबुद्धी चुकत असली, तरी तिच्या विरुद्ध वागणे हे त्याच्यासाठी पापच ठरते. आता त्याला आईच्या टेबलावर परत यायचे असेल, तर मनात नसलेला पश्चात्ताप तोंडाने बोलावा लागेल. म्हणजे घरच्या भाकरीची किंमत झाली एक खोटे! इतक्या किमतीला मिळालेले ऐक्य खरे ऐक्य असेल का? तो टेबलावर परत येईल, पण तो स्वतः येणार नाही. येईल त्याचा मुखवटा. जी शिक्षा प्रामाणिक माणसाला खोटे बोलण्याच्या मोहात पाडते, तिला औषध म्हणणे मला जमत नाही.

आणि शेवटी आपण प्रभू येशूच्या पंगतीकडे पाहतो. मत्तयच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात, मंडळीचेही न ऐकणाऱ्या बंधूला परक्यासारखा किंवा जकातदारासारखा समजा, असे प्रभू सांगतो. पण प्रभू स्वतः जकातदारांशी कसा वागला? तो त्यांच्या घरी जेवायला गेला. जक्कय अजून पश्चात्तापाचा एक शब्दही बोलला नव्हता, तेव्हाच प्रभूने त्याच्या घरी उतरण्याचे ठरवले. जक्कय बदलला तो त्यानंतर. शेवटच्या भोजनाच्या वेळीही प्रभूने यहूदाला स्वतःच्या हाताने घास दिला. यहूदा उठून गेला तो आपल्या पायांनी, त्याला कोणी उठवले नव्हते.

आपल्या घरातील फट

आमिश घरांकडून शिकण्यासारखे खूप आहे: वाया न घालवणे, हात लावून काम करणे, दुसऱ्यावर कडी न करणे, जेवणाआधी आणि नंतर शांत होणे. पण मला सर्वांत मोलाचे वाटते ते दोन टेबलांवर पसरलेले एक कापड. त्या बाईने आपल्या मंडळीचे वचन मोडले नाही आणि मुलाला दूरही केले नाही. तिला तर्काने सोडवता आले नाही ते तिने कापडाने झाकले. ती फट अजून तिथेच आहे. ताट सरकवताना ती हाताला लागत असणार. पण ती फट मोठी व्हावी अशी त्या घरात कोणाचीच इच्छा नाही, एवढे ते कापड सांगते.

आपल्या राज्यात वाळीत टाकण्याविरुद्ध 2016 चा कायदा आहे. जातपंचायती आणि गावकी यांच्या बहिष्काराला तो आळा घालतो. पण बांधावरून किंवा वाटणीवरून भावाशी दहा वर्षे न बोलणाऱ्या भावाला कायदा काही करू शकत नाही. समाजाबाहेर लग्न केले म्हणून ज्या मुलीला सणाला बोलावणे जात नाही, तिच्यासाठी कोणतेही पोलीस ठाणे नाही. तिथे फक्त तुम्ही आहात आणि तुमचे टेबल आहे.

बंधू-भगिनींनो, या आठवड्यात एक दिवस घरातल्या सर्वांनी एकत्र जेवायला बसावे, टीव्ही आणि मोबाईल बाजूला ठेवून. आणि बसल्यावर मोजावे: आपल्यात कोण नाही? तो का नाही? त्याला धीर द्यायला, निदान विचारपूस करायला, आपल्यापैकी कोण गेले होते? सगळे वाद एका जेवणात मिटत नाहीत. झालेला अन्याय विसरा असेही मी म्हणत नाही. टेबल एक करणे आज शक्य नसेल, तर निदान कापड तरी एक असू द्या.

प्रभू आपल्या घरच्या अन्नाला, ते रांधणाऱ्या हातांना आणि जे अजून परतले नाहीत त्यांच्या वाटेला आशीर्वाद देवो.

– आपला प्रमुख धर्मगुरू